हाक नसताना उठलेला प्रोसेसर

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून पाहुण्यांना मारतेय. मारा, उठवा, तपासा. पाहुणे म्हणजे एका मोठ्या मशीनच्या पोटात चालणारी खोटी मशिनं. रीसेट मारला की त्यांचा प्रोसेसर कोरा उठला पाहिजे, आधीच्या जन्मातलं काहीही न आठवता. आठवलं तर आमची चूक. आज सगळे पास. कंटाळा आला.

सचिनचा नवा कोड आलाय. रीसेटच्या वेळी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आठवणीचे कप्पे, पुसायचा भाग त्याने सगळा नव्याने लिहिला. पोरगा चंदगडचा, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. चवथीआधी मालक त्याला कायम करणार की घरी पाठवणार ते ठरणार. कायम झाला तर बायको-पोरीला इथे डिचोलीत आणणार. खोली बघून ठेवलीय. पाळणा टांगायला कडी आहे का तेसुद्धा बघून आला, वर मला कडीचा फोटो दाखवतोय. म्हटलं, आधी कोड पास होऊ दे रे, मग पाळणे टांग.

तोंड पडलं त्याचं. बरं झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आई सकाळी पावाला लोणी लावता लावता: "दिसभर काय गो करतंस थंय?"

म्हटलं, मारतंय आणि उठवतंय.

"तुका तां बरां जमता." उठवण्याबद्दल काही बोलली नाही. जन्म दिलाय, ओळखते मला.

७ ऑगस्ट, गुरुवार

क्लायंटशी कॉल. नवा कोड त्यांनीही चालवून बघितलाय, तक्रार: कधीमधी पाहुणा रीसेटनंतर उठतो आणि लगेच लटकतो. आनंदबाब (मालक, यापुढे आ.बा.) म्हणाले आमच्याकडे सगळ्या टेस्ट पास आहेत. तेवढ्यात सचिन, कोणी विचारलेलं नसताना: "मॅडमच्या टेस्टमध्ये रीसेटनंतर एक थांबा आहे. मशीन उठल्यावर आपण थोडं थांबून मग बघतो. तेवढ्या वेळात काही बिघडून परत सुधारलं, तर कळणारच नाही. मॅडमना जुन्या पद्धतीची सवय आहे."

जुन्या पद्धतीची सवय! क्लायंटच्या चारचौघांसमोर! कोणीतरी हसलं पण. अकरा वर्षं ह्या दोन खोल्यांत घालवली मी, खालच्या हार्डवेअरवाल्याची ठोकठोक ऐकत. हा काल घाटावरून उतरला आणि मला शिकवतो.

आणि बरोबर बोलला. त्याचाच जास्त राग आला. दुपारचं शीत-हुमण, भात आणि माशांची आमटी, तसंच झाकून ठेवलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

म्हापशाला बस बदलायची म्हणजे शुक्रवारी मरण. बाजाराच्या सगळ्या टोपल्या बसमध्ये. एका बाईने माझ्या मांडीवर सुके बांगडे ठेवले आणि हसली. मी नाही हसले.

ठरवलं. थांबा पाहिजे ना काढायला? काढते. पण त्याच्या कोडवर काढते. बघू कोण जुनं ते.

११ ऑगस्ट, सोमवार

फेल!

थांबा काढून पाहुण्यांना मारत बसले. एका प्रोसेसरवाले सगळे ठीक. दोन प्रोसेसरवाल्यांत गंमत. नियम असा की रीसेटनंतर पहिला उठतो, आणि दुसऱ्याने पहिल्याची हाक येईपर्यंत पडून राहायचं. आमचा दुसरा हाक नसतानाच उठतोय. मागच्या जन्मातल्या पत्त्यावरून चालू लागतो आणि भलतीकडे जाऊन लटकतो. दर वेळी नाही, पण होतंय. थांबा ठेवला की पहिला मधल्या वेळात उठून त्याला परत झोपवतो, म्हणून आजवर दिसलं नव्हतं.

मेल टाकली. सगळ्यांना. क्लायंटलाही. "सचिन यांच्या नव्या कोडवर दुसरा प्रोसेसर अवेळी उठतो." नाव घालायची गरज नव्हती. घातलं.

काय सुंदर दिवस गेला. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आ.बां.नी त्याला आत बोलावला. दार उघडंच होतं, नेहमी उघडंच ठेवतात, शिव्या सगळ्यांना मिळाव्यात म्हणून.

"पाळण्याच्या कड्या बघत फिरायचं, आणि काम हे असं!"

म्हणजे फोटो त्यांनाही दाखवला होता येड्याने.

सचिन बाहेर आला, माझ्याजवळ थांबला. "मॅडम, बरं झालं सापडलं. कुठं चुकलंय बघतो." बरं झालं म्हणे. निदान चिड तरी. चिडला असता तर मला मजा आली असती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

त्याला सापडत नाही. ओळ न् ओळ वाचतोय, ओठ हलवत. त्याला वाटतं, घोळ त्याच्या भागात नाही, हाक मारायच्या भागात आहे. तो भाग आ.बां.नी स्वतः लिहिलेला, कंपनी काढली तेव्हाचा. त्याला हात लावायचा नाही असा इथे दंडकच आहे. सचिनने विचारून बघितलं.

आ.बा.: "ते माझ्या हातचं आहे. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून चालतंय." जन्मला होता. पण चालतंय खरं.

बायकोचा फोन आला त्याला. "होईल गं, होईल" करत जिन्यात गेला. मी मुद्दाम पाण्याची बाटली भरायला गेले. ती रडत होती की पोर रडत होतं कळलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज एक काम केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

सचिन यायच्या आधीचं जुनं बिल्ड, म्हणजे त्याचा कोड नसलेला सगळा प्रोग्राम, माझ्या मशीनवर आहे. फक्त माझ्याच. त्यावर थांबा काढून टेस्ट चालवली. सहज. जेवणाच्या वेळेत, सगळे खाली गेले होते.

फेल. तस्सं. दुसरा उठतोय.

परत चालवली. परत. मग आत जाऊन बघितलं. रीसेट होताना मागच्या जन्मातली हाक पुसायची राहून जाते. न पोचलेली हाक तशीच दाराशी उभी राहते, आणि नव्या जन्मात दुसऱ्याला ती पोचते. हे सगळं आ.बां.च्या भागात. सचिनचा कोड ह्या वाटेवर कुठेच नाही.

म्हणजे पोरगा निर्दोष आहे.

दही-भात खाल्ला. उद्या सांगेन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नाही सांगितलं. आ.बा. वाळपईला गेले होते. फोन करता आला असता.

२० ऑगस्ट, बुधवार

सचिन आला, खुर्ची ओढून बसला. दाढी वाढलीय, शर्ट कालचाच. "मॅडम, एक काम कराल काय? जुनं बिल्ड तुमच्याकडे आहे. थांबा काढून त्याच्यावर एकदा चालवा की. तिथंही फेल झालं तर माझं नाही. पास झालं तर मी मान्य करतो, आपलंच चुकलंय."

नेमकी हीच टेस्ट. सुचली म्हणजे त्याला. मला सोमवारी सुचली, त्याला दोन दिवसांनी, आणि माझ्याकडे मशीन होतं म्हणून. नाहीतर त्यालाच आधी सुचली असती.

मी म्हटलं, "चालवली. पास."

स्क्रीनकडे बघतच म्हटलं. त्याने परत विचारलं नाही. खोटं बोलेन असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. "असू दे मग," म्हणाला, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

इथे खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. जुन्या पद्धतीची सवय म्हणत होता ना? घे.

मग बसमध्ये दोनदा त्याचा नंबर काढला. करासवाडा यायच्या आत फोन पर्समध्ये टाकला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सगळे आ.बां.च्या गावच्या देवळात. आमच्याकडे सर्व्हर घ्यायचा तरी देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही, मीही विचारते. आईच्या ऑपरेशनला विचारलं होतं.

सचिनला सांगितलं होतं, चूक तुझ्याकडून आहे का ते देवाला विचारतोय, तुला मान्य? म्हणाला मान्य. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. खांबापाशी हात जोडून, डोळे मिटून उभा.

मी गुरवाच्या बाजूला होते. आ.बा. त्याच्या कानाशी वाकले, प्रश्न सांगितला. गुरवाने तोच घातला, पुटपुटत: "नवो माणूस काढून टाकूक तुझो हुकूम आसल्यार उजवो दी."

‘चूक’ हा शब्दच नाही त्यात. चूक कोणाची, हे विचारलंच नाही. काढू का, एवढंच.

बराच वेळ काही हललं नाही. घंटेला कोणी हात लावेना. मी मनात म्हणत होते डावी, डावी, डावी पाड रे देवा, म्हणजे मला तोंड उघडायला नको. उजवी पडली.

"दिलो," गुरव म्हणाला.

सचिनने डोळे उघडले. खाली वाकून नमस्कार केला, आणि आ.बां.च्याही पाया पडला. आ.बां.नी आशीर्वाद दिला! हात ठेवला डोक्यावर! मग सगळ्यांनी केळी खाल्ली.

देवाला कशाला बोल लावू. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर दिलं त्याने. मला कोणी विचारलं नाही. नाही, विचारलं होतं. काल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सचिन गेला. टेबल पुसून गेला, वायर गुंडाळून ठेवून गेला. मला म्हणाला, "मॅडम, राग मानू नका हं, त्या दिवशी कॉलवर बोललो ते. तुमच्यामुळंच सापडलं." खोलीवाल्याला नको म्हणून सांगायला गेला मग. चालतच गेला, पावसात. छत्री होती हातात, उघडली नाही.

मूर्ख मेला.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज आ.बां.ना सांगितलं. आता सांगून काय उपयोग, पण सांगितलं. दार लावून घेतलं, तेव्हाच त्यांना कळलं असणार.

"जुन्या बिल्डवरही फेल होतंय."

ते चष्मा पुसत राहिले. "ठाऊक आहे बाय."

"कधीपासून?"

"तो थांबा टेस्टमध्ये कोणी घातला असं वाटतं तुला? मीच घातला. तेव्हा दुसरा प्रोसेसर असा उठायचा, कारण सापडत नव्हतं, डिलिव्हरी द्यायची होती. थांबल्यावर व्यवस्थित दिसायचं. मग राहून गेलं."

म्हटलं, "मग पोराला देवळात कशाला उभं केलंत?"

"क्लायंटला नाव पाहिजे होतं. नाव तूच दिलंस, मेलमध्ये. मी कुठे दिलं?" मग एकदम प्रेमाने: "मी म्हटलं असतं माझी चूक, तर काम गेलं असतं. काम गेलं तर तू खंय जातलंस ह्या वयात? मी देवाला खोटं काय विचारलं? सांग."

 दोघांत फरक शोधत होते, त्यांच्यात आणि माझ्यात. एकच सापडला, त्यांनी कंपनीसाठी केलं. मी नुसतं रागाने.

निघताना म्हणाले, "हाक पुसायची ओळ मी घातलीय. सोमवारी तपास."

२५ ऑगस्ट, सोमवार

तपासली. एकच ओळ. थांबा न ठेवता, दोन प्रोसेसर, दिवसभर मारलं. दुसरा शहाण्यासारखा पडून राहतो. पास.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ

गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधली. आईने विचारलं, तो घाटावरचा झील कायम झाला काय, एकदा तुझ्या फोनवर माझ्याशी किती आदराने बोलला होता. म्हटलं, गेला तो.

"कित्याक?"

"देवाने सांगितलं."

आईने माझ्याकडे बघितलं आणि परत नेवऱ्यांत सारण भरायला घेतलं. नंतर दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. माझा आवाज तिला कळतो.

१ सप्टेंबर, सोमवार

क्लायंटला कळवलं: दोष नव्या कोडमध्ये होता, दुरुस्त केला, संबंधित माणूस आता नाही. आ.बां.नी सांगितलं, मी टाईप केलं. त्यांचं उत्तर आलं, टेस्टिंगचं खास कौतुक. माझ्या नावानिशी. आ.बां.नी पेढे आणले, मी दोन खाल्ले.

३ सप्टेंबर, बुधवार

सचिनचा फोन. घाबरले, वाटलं कळलं ह्याला. शिव्या देणार असेल तर देऊ दे, ऐकून घेईन, मला चालेल, असं म्हणतच उचलला.

"मॅडम, गणपती नीट झाला काय? बरं हाय ना सगळं?"

बेळगावला दोन ठिकाणी मुलाखत दिली म्हणे. आधीची नोकरी का सुटली विचारतात. हा सांगतो माझी चूक झाली. कुठली, विचारतात. ह्याला सांगता येत नाही. मग ते समजतात हा लपवतोय.

"तसं नोकरीचं जाऊ दे. पण मला कळंना झालंय ओ. झोपलो तरी तेच. सगळा कोड तोंडपाठ आहे मला, मनात चालवून बघतो, कुठंच अडत नाही. तुम्ही जुन्यावर पास झालं म्हटलात तेव्हा खात्री पटली, माझंच हाय. आता दुरुस्त झालंय ना? मग काय बदललं तेवढं दाखवा. एकदा बघितलं की परत जन्मात करणार नाही."

मी म्हटलं, फोनवर कसं दाखवू.

"शुक्रवारी येतो की. सकाळची गाडी हाय, तिलारी-दोडामार्गवरनं म्हापशाला उतरतो. तुम्ही तिथंच बस बदलता. दहा मिनिटं द्या."

नको म्हणायला हवं होतं. ये म्हटलं.

बायकोचा आवाज आला मागून, "मॅडमना नमस्कार सांगा."

४ सप्टेंबर, गुरुवार

खरं सांगायचं तर सगळंच सांगायला लागेल. सोमवारची टेस्ट, बुधवारचं खोटं, देऊळ. तो आ.बां.ना फोन लावेल, क्लायंटला लावेल, आणि मग मी खंय जातलं ह्या वयात.

दुसरा रस्ता सुचला. त्याच्या कोडमध्ये एखादी चूक असेलच. कोणाच्या नसते? छोटीशी असली तरी चालेल. ती काढून त्याच्यापुढे ठेवायची, हीच ती, बघ. त्याला झोप लागेल. मुलाखतीत सांगायलाही होईल. मला वाटलं, हे चांगलंच आहे की त्याच्यासाठी. खरंच असं वाटलं.

सकाळपासून बसले. त्याचा पूर्ण भाग काढला. एकेक रजिस्टर बघितलं. उलटसुलट मारलं, मध्येच थांबवून मारलं, मारता मारता परत मारलं. अकरा वर्षांत जे जे मोडायला शिकले ते सगळं करून बघितलं. आ.बा. विचारत होते, काय शोधतेस गो एवढं? म्हटलं, काही नाही.

एक चूक नाही. एक नाही! जिथे आम्ही सगळे आळस करतो तिथेही त्याने नीट केलंय. जवळ एक ओळ लिहून ठेवलीय, मराठीत, पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

किती छान लिहिलंय मेल्याने.

टेबलावर डोकं टेकून रडले. आ.बां.नी बघितलं, दार लावून घेतलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

अजून घरीच आहे. आईला सांगितलं डोकं दुखतंय. डोकं दुखत नाहीय.

मघाशी त्याचा फोन आला. "मॅडम, पोचलो. स्टँडवर चहाच्या गाड्याजवळ उभा हाय. पोरीला पण आणलंय, तिनं कधी गोवा बघितला नव्हता. तुम्ही सावकाश या, घाई नको, आम्ही थांबतो."

म्हटलं, निघाले.

साडी नेसलेली आहे. चप्पल दारात आहे. आई विचारतेय कोणाचा फोन. पुन्हा वाजतोय.